पहिलं वर्ष कायद्याचं: या महिन्यातली पत्रं

दिवाळी झाली की माझ्याकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी वाटणी, फेरफार, पोटगी, पतसंस्थेला राहिलेला जामीन असले प्रश्न असतात. दिवाळीनंतर कायद्याच्या पहिल्या वर्षाला बसलेली मुलं लिहायला लागतात. प्रवेशाच्या फेऱ्या लांबलेल्या असतात, वर्ग उशिरा सुरू झालेले असतात आणि पहिल्या सत्राची परीक्षा दारात येऊन उभी असते. यंदा अशी पत्रं बरीच आली, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. मी सांगलीच्या कोर्टात २३ वर्षं वकिली करते आणि आठवड्यातल्या तीन सकाळी पहिल्या वर्षाला करार कायदा शिकवते. जे लिहिते आहे ते या दोन्हीकडचं बघून.

ताई, मी जत तालुक्यातली. शाळा मराठी माध्यमाची, बी.ए. पण मराठी विषय घेऊन केलं. आता तीन वर्षांच्या एलएल.बी.ला आहे. सर इंग्रजीतून बोलतात, पुस्तकं इंग्रजी. मोहोरी बीबीचं जजमेंट वाचायला घेतलं, चार तासांत सहा पानं झाली आणि कळलं काहीच नाही. शेजारची मुलगी वीस मिनिटांत वाचून उठते. मी चुकीच्या जागी आले का? वडिलांनी दोन शेळ्या विकून फी भरली आहे. त्यांना काय सांगू?
– पहिलं वर्ष, वसतिगृहातून

पोरी, तू बरोबर जागी आली आहेस. चार तासांत सहा पानं हा पहिल्या सत्राला चांगला वेग आहे. शेजारणीकडे बघू नकोस. वीस मिनिटांत वाचून होतं ते बहुतेक वेळा जजमेंट नसतं, कुणीतरी काढलेला त्याचा सारांश असतो.

इंग्रजीचं म्हणशील तर माझी गोष्ट सांगते. मीही मराठी शाळेतली. पहिल्या सत्रात ‘कन्सिडरेशन’ हा शब्द आला. घरी येऊन शब्दकोश उघडला, अर्थ दिला होता ‘विचार’. मी चाचणीत लिहिलं, करार करण्याआधी दोन्ही पक्षांनी नीट विचार केलेला असला पाहिजे. पेपर हातात आला तेव्हा त्या उत्तरावर आडवी रेघ होती. शेरा नाही, काही नाही, नुसती रेघ. पुढचे आठ दिवस मी वर्गात तोंड उघडलं नाही. मग सुट्टीला गावी गेले, तर आजोबांच्या ट्रंकेत एक जुनं खरेदीखत हाताला लागलं. घड्यांवर विरलेला स्टॅम्पपेपर, त्यावर बाँडरायटरचं तिरकं अक्षर. वर ‘लिहून घेणार’ कोण, ‘लिहून देणार’ कोण. मग चतुःसीमा, पूर्वेस ओढा, दक्षिणेस पाणंद. आणि शेवटाकडे, ‘सदर मिळकतीच्या मोबदल्याची रक्कम रोख भरून पावलो, त्याबद्दल तक्रार नाही.’

मी तिथेच जमिनीवर बसले आणि १८७२ च्या करार कायद्याचं कलम २(डी) पुन्हा काढलं. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून समोरच्याने किंवा दुसऱ्या कुणीही काही केलं, किंवा करायचं टाळलं, किंवा तसं करीन म्हणून कबूल केलं, तर ते कन्सिडरेशन. म्हणजे मोबदला. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते, बैलबाजारात, ऊसतोडीच्या हिशेबात, भावकीच्या भांडणात. कॉलेजातला शब्द आणि ट्रंकेतला शब्द एकच आहे, एवढंच मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुला मी ते सांगते आहे. दावा, कैफियत, हुकूमनामा, दरखास्त, मनाई, जप्ती, साठेखत, गहाणखत, मुखत्यारपत्र हे सगळे शब्द तुझ्या कानावरून गेलेले आहेत. आपल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठीच आहे. एक वही कर. इंग्रजी शब्द आला की शेजारी कोर्टातला मराठी शब्द लिही, आणि त्यापुढे तो शब्द गावात कुठे ऐकला तेही लिही. हा तिसरा रकाना सोडू नकोस, खरं काम तोच करतो. शब्द अडला तर राज्याच्या भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ बघ. तो कॉलेजच्या ग्रंथालयात नसेल तर मागवायला अर्ज दे.

पण इंग्रजीतून सुटका आहे असं मी म्हणणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे निकाल इंग्रजीतच वाचावे लागतात. ते वाचायला शिकता येतं.

आता तुझी मोहोरी बीबीच घेऊ. प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे ब्रिटिश काळात आपल्याकडची शेवटची अपिलं ऐकणारं लंडनचं न्यायालय, १९०३. तू पहिल्या ओळीपासून सरळ वाचत गेलीस आणि अडकलीस. तसं वाचू नकोस. आधी कोऱ्या कागदावर माणसं काढ. कलकत्त्याचा धर्मदास घोष, वय सज्ञान नाही, म्हणजे कोर्टाच्या भाषेत अज्ञान, अल्पवयीन. ब्रह्मो दत्त, सावकार. केदारनाथ, सावकाराच्या वतीने सगळा व्यवहार बघणारा. आणि धर्मदासची आई. मग प्रत्येकाच्या नावाखाली त्याला काय हवं होतं आणि त्याला काय माहीत होतं हे लिही. धर्मदासला पैसे हवे होते, म्हणून १८९५ साली त्याने आपली घरं गहाण टाकून २०,००० रुपयांचं गहाणखत करून दिलं. त्याआधीच आईच्या वकिलाने केदारनाथला पत्र पाठवून कळवलं होतं की मुलगा अज्ञान आहे, त्याला कर्ज द्याल तर जबाबदारी तुमची. पत्र मिळालंच नाही असं केदारनाथ म्हणाला, कोर्टाने ते मानलं नाही. वर त्याने मुलाकडून ‘मी सज्ञान आहे’ असं लिहूनही घेतलं होतं. मग आई मुलाच्या वतीने कोर्टात गेली, की हे गहाणखत रद्द करा. सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, असं लिहिलेलं तू पाहिलं असशील. जवळजवळ तोच प्रकार.

आणि या सगळ्यात मोहोरी बीबी कुठे आहे? खटला चालू असताना ब्रह्मो दत्त वारला आणि त्याच्या जागी त्याची प्रतिनिधी म्हणून मोहोरी बीबीचं नाव लागलं. दरवर्षी माझ्याकडच्या चार-पाच उत्तरपत्रिकांत ‘मोहोरी बीबी ही अज्ञान मुलगी होती’ असं लिहिलेलं असतं. ही मुलं आळशी नसतात, खूप पाठ करतात. पण माणसं न ओळखता पाठ करतात.

माणसं आणि त्यांची कामं कागदावर आली की प्रश्न आपोआप दिसतो. अज्ञानाने केलेला करार मुळातच नाही, की त्याने मोडायचं म्हटलं तर मोडणारा? आता जजमेंट उघड आणि एवढ्याच प्रश्नाचं उत्तर शोध. तुला कलम १० आणि ११ सापडतील. करार करायला माणूस लायक हवा आणि लायक होण्यासाठी सज्ञान हवा. लायकच नसेल तर करारच झाला नाही. मग सावकाराने कलम ६४ आणि ६५ पुढे केली, करार रद्द झाला तर घेतलेलं परत करायचं सांगणारी. कोर्ट म्हणालं, ही कलमं करार करायला लायक असलेल्या माणसांमधल्या करारांसाठी आहेत. मग न्यायबुद्धीने तरी पैसे परत द्यायला लावा, असं सावकाराचं म्हणणं आलं. तिथे आईच्या वकिलाचं ते पत्र पुन्हा आडवं आलं. मुलगा अज्ञान आहे हे माहीत असून पैसे दिले होते.

हे सगळं वहीत पाऊण पानात लिही, त्याहून जास्त नको. मग रात्री आईला फोनवर सांग, मराठीत, गोष्टीसारखं. आई बहुतेक विचारेल, ‘मग त्या सावकाराचे पैसे बुडाले म्हणायचे का?’ प्रिव्ही कौन्सिलसमोर दोन्ही बाजूंचे वकील ज्यावर भांडले तोच प्रश्न तुझी आई विचारेल. तिला कारणासकट उत्तर देता आलं, की जजमेंट वाचून झालं.

राहिल्या दोन गोष्टी. बऱ्याच विद्यापीठांत पेपर मराठीतून लिहिता येतो. तुझ्याकडे काय नियम आहे ते परीक्षा विभागात विचारून घे, वर्गातल्या कुणाच्या ऐकीव माहितीवर राहू नकोस. माझं मत विचारशील तर पहिलं सत्र मराठीत लिही, मोक्याचे शब्द तेवढे इंग्रजी ठेव, आणि वर्षाअखेरीला एखादा पेपर इंग्रजीत लिहून बघ. दुसरं फीचं. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या मुलींसाठी, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून शासनाची शुल्कमाफी आहे. त्यात प्रवर्गाच्या अटी आहेत. महाडीबीटीवर अर्ज भरलास का? भरला नसेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि उद्या दहा वाजता कार्यालयाच्या खिडकीवर जा. दाखला अपुरा असला तर तहसीलला चकरा मारायची तयारी ठेव, पण सोडू नकोस. वडिलांना सांगायला तेवढी बातमी पुष्कळ झाली.

मॅडम, मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की गाईड फेकून द्या आणि बेअर ॲक्ट, म्हणजे मूळ कायद्याचं पुस्तक, घ्या. आमच्या वर्गात ज्यांनी गाईड वाचलं तेच पास झाले. आणि बेअर ॲक्ट तरी कुठला घ्यायचा? ग्रंथालयात जुनी दंडसंहिता, अभ्यासक्रमात नवी न्याय संहिता आणि सर अजून ‘३०२’ म्हणतात. मी ३०२ पाठ करू की १०३?
– लातूर

‘फेकून द्या’ हे मी जास्त लिहिलं, ते मागे घेते. परीक्षेच्या आदल्या रात्री उजळणीला गाईड चालतं, आणि ज्याला दिवसभर काम करून शिकायचं आहे त्याला तर त्याचा आधार वाटणारच. माझं म्हणणं एवढंच की कलमाची पहिली ओळख गाईडमधून नको. का, ते एका कलमावर दाखवते.

चोरी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. गाईडमध्ये ‘चोरीचे पाच घटक’ असतात. अप्रामाणिक हेतू, जंगम वस्तू, दुसऱ्याचा ताबा, त्याची संमती नाही, आणि वस्तू हलवणं. पाठ होतात, मार्क मिळतात. आता मूळ कलमाखालची उदाहरणं वाच, जी गाईडवाले जागा वाचवायला गाळतात. पहिलंच उदाहरण झाडाचं आहे. दुसऱ्याच्या जमिनीतलं झाड त्याला न विचारता, न्यायचं म्हणून तोडलं, तर तोडताक्षणीच चोरी झाली.

हे मी वर्गात आपल्याकडच्या चंदनावर घेते. बांधावरचं चंदनाचं झाड रात्री कुणी करवतीने कापलं, कुत्री भुंकली, चोर झाड तिथेच टाकून पळाला. चोरी झाली का? अर्धा वर्ग म्हणतो, नेलंच नाही तर चोरी कसली, फार तर प्रयत्न. मग मी विचारते, उभं झाड जंगम आहे का? नाही, ते जमिनीला धरून आहे, ते चोरताच येत नाही. करवत आरपार गेली आणि खोड सुटलं, त्या क्षणी ते जंगम झालं. आणि ज्या कृतीने ते सुटलं त्याच कृतीने ते हललंही, हे कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. मग चोरी पूर्ण व्हायला ते खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायची गरज उरत नाही. त्याच्या खालचं उदाहरण कुत्र्याचं आहे. खिशात आमिष ठेवून दुसऱ्याचा कुत्रा आपल्यामागे चालवला, तर कुत्रा मागे निघाला तिथेच चोरी, दोरीला हात लावायला नको. हे एकदा कळलं की ‘हलवणं’ हा घटक जन्मात विसरत नाही, पाठ करावा लागत नाही.

हे करायला एकच सवय लागते. कलमातल्या प्रत्येक शब्दाला विचारायचं, तू इथे कशाला आहेस, तुला काढला तर कोण सुटेल? वीस कलमं अशी वाच. सगळी संहिता पहिल्या वर्षात अशी वाचून होत नाही आणि कुणी तशी अपेक्षाही करत नाही.

आता ३०२ की १०३. नवे तीन फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. त्या तारखेपासून घडलेल्या गुन्ह्याला न्याय संहिता लागते, आधी घडलेल्याला जुनी दंडसंहिताच. म्हणजे २०२३ मधल्या खुनाचा खटला आज उभा राहिला तरी शिक्षा ३०२ खालीच मागतात. असे खटले आणि त्यांची अपिलं अजून कितीतरी वर्षं चालणार आहेत. तू वकील होशील तेव्हा दोन्ही पुस्तकं टेबलावर असतील. पेपर अभ्यासक्रमाप्रमाणे नव्या क्रमांकांनी लिही आणि जुना क्रमांक शेजारी माहीत असू दे, कारण जुन्या सगळ्या निकालांत तोच आहे. बेअर ॲक्टच्या पहिल्या कोऱ्या पानावर स्वतःच्या हाताने तक्ता कर. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८(४) झाली, नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेली क्रूरता ४९८-अ ची ८५ झाली, चोरी ३७८ ची ३०३ झाली. जुन्यात ५११ कलमं होती, नव्यात ३५८ आहेत. त्यामुळे अंदाजाने क्रमांक जुळवायला जाऊ नकोस, प्रत्येक वेळी उघडून बघ. विकत घ्यायला पैसे नसतील तर केंद्र सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर सगळे कायदे फुकट आहेत.

तुमच्या सरांच्या तोंडी अजून ३०२ येतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्याही येतं. इतक्या वर्षांची जीभ आहे.

वकीलबाई, नमस्कार. वय ४१. कराडजवळच्या एका पतसंस्थेत वसुलीला आहे. यंदा एलएल.बी.ला प्रवेश घेतला. संस्थेचे अध्यक्ष म्हणतात, हजेरीचं ‘बघून घेऊ’. वर्गात माझ्या पोराच्या वयाची मुलं. मागच्या बाकावर बसून येतो. हे सगळं झेपेल का?

झेपेल. पण अध्यक्षांच्या त्या ‘बघून घेऊ’वर जाऊ नका. बार कौन्सिलच्या नियमांत ७० टक्के हजेरीची अट आहे आणि ती कागदावर भरून काढण्याचे प्रकार चालतात, हे मलाही माहीत आहे. तसं करून पदवी घेतलेली माणसं मी रोज कोर्टात बघते. पक्षकार समोर बसलेला असतो आणि यांना निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जात काय मागायचं ते सुचत नाही. नुकसान पक्षकाराचं होतं. तुम्ही वसुलीत आहात, कागद अर्धवट असला की काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सकाळची तुकडी असेल तर ती मागून घ्या, संस्थेकडून कामाची वेळ बदलून घ्या, आणि दोन्ही जमत नसेल तर एक वर्ष थांबा. मी हे मन कठोर करून लिहिते आहे.

लाजेचं मात्र काहीच कारण नाही. तुमच्या टेबलावरून सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चे वसुली दाखले गेले आहेत, नियम १०७ खालची जप्ती तुम्ही उन्हात उभं राहून केली आहे. जामीनदार येऊन म्हणतो, ‘आधी कर्जदाराकडून घ्या, मग माझ्याकडे या.’ त्याला तुम्ही आजवर काय सांगत आलात? तेच करार कायद्याचं कलम १२८ आहे. कराराने वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. वर्गातली वीस वर्षांची मुलं हे वाचतात आणि त्यांच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. तुमच्या डोळ्यांपुढे माणूस येतो. पुढच्या बाकावर बसा आणि तो प्रसंग त्यांना सांगा. महिन्याभरात पोरं तुम्हाला ‘काका’ म्हणून घेरतील, माझ्या वर्गात असं दोनदा झालेलं मी पाहिलं आहे.

एक गोष्ट आत्ताच घरी बोलून ठेवा. पूर्णवेळ पगारी नोकरी करत असताना वकिली करता येत नाही. सनद घ्यायची तर नोकरी सोडावी लागेल. तीन वर्षांनी हा विषय एकदम निघाला की घरात वादळ होतं. नोंदणीचा खर्च मात्र आता फार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं की राज्यांच्या बार कौन्सिलांना खुल्या प्रवर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. शिवाय अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. ती उजळणी करून देता येते, तिची आत्तापासून धास्ती नको.

मुलगा पाच वर्षांच्या कोर्सला आहे. पहिल्या वर्षी सगळं अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र. तो म्हणतो वेळ फुकट जातोय, मोठ्या फर्ममध्ये इंटर्नशिप करतो. आमच्या घराण्यात कुणी वकील नाही, ओळख नाही. एक ठिकाणी पैसे भरून प्रमाणपत्र मिळतं म्हणतात.
– एक आई, डोंबिवली

ताई, पैसे भरून मिळणारं प्रमाणपत्र घेऊ देऊ नका. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात सगळी मिळून किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप नियमानेच करावी लागते, घाई नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाला मोठ्या फर्ममध्ये बहुधा झेरॉक्स आणि टायपिंगच मिळतं. त्यापेक्षा कल्याणला विधी सेवा समितीकडे जाऊन विचारा. तिथे ओळख लागत नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने. त्यामुळे दिवसभर माणसं येत असतात. त्यांचे अर्ज लिहून द्यायला हात हवेच असतात. पोटगीसाठी आलेल्या बाईचा अर्ज चार वेळा लिहून दिला की समाजशास्त्र कशाला शिकवतात हा प्रश्न तो पुन्हा विचारणार नाही. अर्थशास्त्राचं म्हणाल तर पोटगीची रक्कम ठरवताना नवऱ्याचं उत्पन्न कागदावरून कसं काढायचं हे तिथेच दिसेल.

आणि घरात वकील नसल्याची खंत करू नका. माझ्याही घरात कुणी नव्हतं.

आम्ही पहिल्या वर्षाच्या चौघी मैत्रिणी, मिरजेच्या. कोर्टात जाऊन बसायचं म्हणतो, पण भीती वाटते. कुणी हाकललं तर?

कुणी हाकलणार नाही. आपल्याकडे कोर्ट उघडं असतं. दिवाणी आणि फौजदारी दोन्ही प्रक्रिया कायद्यांत तसं लिहिलेलं आहे, जागा पुरेल तोवर कुणालाही बसता येतं. बलात्काराचे आणि तसे काही खटले बंद दाराआड चालतात, तेवढे सोडायचे. दारावरच्या शिपायाला कॉलेजचं ओळखपत्र दाखवा, ‘विद्यार्थी आहोत, बसू का’ म्हणून विचारा. पांढरा किंवा साधा पोशाख, मोबाईल बंद. न्यायाधीश येताना उभं राहायचं, मान झुकवायची. वकिलांच्या खुर्च्या सोडून मागच्या बाकावर बसायचं. अकराच्या आधी पोचा, म्हणजे पुकारा पहिल्यापासून ऐकायला मिळेल. पहिला तास नुसत्या तारखा पडतील आणि तुम्हाला वाटेल इथे काहीच होत नाही. उठू नका. बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, संपत आला की साक्षी-पुरावे सुरू होतात.

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्या कोर्टापासून सुरुवात करा. तिथे बांध, रस्ता, पाट, भाडेकरू असे तुम्हाला कळणारे वाद असतात आणि सगळं मराठीत चालतं. उच्च न्यायालय नंतर. तेही आता लांब राहिलेलं नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं आहे. माझ्या विद्यार्थीदशेत त्यासाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागायची.

एक काम सांगते. एका साक्षीदाराचा उलटतपास चौघींनी ऐकायचा, पण टिपणं एकमेकींना दाखवायची नाहीत. वकिलाने काय विचारलं, साक्षीदार काय म्हणाला आणि न्यायाधीशांनी काय लिहून घ्यायला सांगितलं, हे जमेल तेवढं शब्दशः लिहायचं. मग बाहेर चहाला बसा आणि चार वह्या शेजारी ठेवा. ‘मला आठवत नाही’ आणि ‘मला माहीत नाही’ यांत कुणी काय ऐकलं ते बघा. ‘सदर रस्ता पूर्वीपासून आहे’ यातलं ‘पूर्वीपासून’ कुणाच्या वहीत गळलं, तेही बघा. पुढच्या अंकात पुरावा कायद्याबद्दल लिहायचं आहे. त्या चारही वह्यांची ती पानं, पक्षकारांची नावं खोडून, मला पाठवाल का?